साप जेवत नाही? आधी तापमान बघा



'शीतरक्ताचे प्राणी' हे आपण वर्गात एका ओळीत उरकतो. साप, सरडा, बेडूक. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. यंदा मला तो मुद्दा शिकवायला एक खराखुरा साप मिळाला, तोही सातासमुद्रापार!

माझी मावसबहीण शिकागोजवळ राहते. तिच्या दहा वर्षांच्या मुलाकडे बॉल पायथॉन आहे. आफ्रिकेतला हा छोटा, बिनविषारी अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. जानेवारीत त्याने पाच आठवडे काही खाल्लं नाही. व्हिडिओ कॉलवर पोरगा रडवेला. "मावशी, तो मरेल का गं?" बहीण रोज नवा उंदीर पुढे करायची, कधी छोटा, कधी मोठा. आपण नाही का, मूल जेवलं नाही की घास घेऊन मागे फिरतो! सापाला मात्र त्या रोजच्या आग्रहाचाच ताण येतो.

मी विचारलं, "तो बसतो तिथे किती ऊब आहे?"

"३२ अंश," पोरगा म्हणाला. पण थर्मामीटर चिकटवला होता काचेवर, वर, दिव्याच्या शेजारी. साप तर खाली. जमिनीलगत मोजलं तर २६. आणि रात्री उजेड नको म्हणून दिवा बंद! बाहेर बर्फ, पेटी पहाटे २० वर.

सापाला अंगातली ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. ती नसेल तर पचन मंदावतं, गिळलेला उंदीर पोटात सडू शकतो, साप तो ओकून टाकतो. म्हणजे न खाणं हा त्याचा हट्ट नव्हता.

तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश, दुसरी २५ ते २७, दोन्हीकडे लपायला जागा. म्हणजे साप आपला आपण जागा बदलतो. मग उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणला, थर्मोस्टॅट लावून. थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. आठवडाभर कुणी त्याला हातही लावला नाही. नवव्या दिवशी त्याने उंदीर गिळला. फोनवर नुसता आरडाओरडा!

उपासाचं कारण दर वेळी थंडीच असतं असं नाही हं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा साप खात नाही. मोठे बॉल पायथॉन हिवाळ्यात महिनोन्महिनेही उपाशी राहतात. पण वजन उतरत असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

माझ्या चौथीच्या मुलांनी मग दोन थर्मामीटर घेतले. एक उन्हातल्या भिंतीला, एक कडुलिंबाच्या सावलीत. सरडा सकाळी कुठे बसेल आणि दुपारी कुठे, हे त्यांनी आकडे बघून सांगितलं. पुस्तक उघडलंही नाही.

प्रश्न तर येणारच. "बाई, मग नागपंचमीला नाग दूध पितो ते?" दूध हे सापाचं अन्नच नाही, तहानेने व्याकूळ ठेवलेला साप पुढ्यात येईल ते पितो. "आपण पाळूया का एक?" नाही. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. शाळेत साप निघाला तर लांब उभं राहायचं आणि वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. तो नंबर आता आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात आहे, पुसायची परवानगी नाही.