साधेपणाची किंमत

चि. सायली हिस,


फॅशन डिझाइन शिकायला निघाली आहेस, म्हणून डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्याविषयी मुद्दाम लिहितो आहे. त्यांचं नाव निघालं की लोक पॅरिसचा रॅम्प आणि २०१४ची पद्मश्री सांगतात. मला त्यांचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत वाटतं. उंची कपडा म्हणजे जरीखड्यांनी मढवलेला कपडा, हे समीकरण त्यांनी मोडलं. १९८९मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानं काम सुरू केलं, तेव्हा आपल्याकडचे डिझायनर लग्नसराईवर जगत. आजही बरेच जगतात. त्या बाजारात त्यांनी पांढरा रंग, हलकं कापड आणि अंगाला न आवळणारी बेतणी आणली. १९९३मध्ये मुंबई सोडून ते गोव्यात, बार्देशातल्या कोलवाळला राहायला गेले. गिऱ्हाईक मुंबईत असताना गावी जाणं धंद्याच्या हिशेबात बसत नव्हतं, पण दमट, उष्ण हवेत माणसानं काय ल्यावं या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कपड्यांत दिसतं, आणि ते उत्तर युरोपातून आणलेलं नाही.

यावर आक्षेप येतो तो कुणबी साडीवरून. भातशेतीत राबणाऱ्या बाईची, खांद्यावर गाठ मारून नेसायची ती लाल-पांढऱ्या चौकड्यांची सुती साडी रॉड्रिक्स यांनी २०१०च्या सुमारास रॅम्पवर आणली. ती श्रीमंतांच्या कपाटात गेली, कुणबी बाईच्या हाती काय पडलं, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि विणकराला किती मिळालं हे विचारल्याशिवाय कुठल्याही पुनरुज्जीवनाचं कौतुक करू नये. तरीही ही साडी गोव्यातल्या मागांवरून जवळजवळ उतरली होती, हे विसरून चालणार नाही. गिऱ्हाईक नसेल तर कापड नुसत्या आस्थेवर टिकत नाही. शिवाय ती आपली निर्मिती असल्याचा आव त्यांनी आणला नाही. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास त्यांनी स्वतः शोधून ‘मोडा गोवा’ या ग्रंथात २०१२मध्ये मांडला, म्हणजे जिथून घेतलं त्याची नोंदही ठेवली. एवढी मेहनत करणारा डिझायनर विरळा. त्याच विषयाचं संग्रहालय कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात उभारण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. ते सुरू असतानाच १२ फेब्रुवारी २०२० रोजी ते गेले. आपलं लेबल मात्र त्यांनी त्याआधीच शूलेन फर्नांडिस यांच्या हाती सोपवलं होतं.

कॉलेज सुरू होण्याआधी ‘मोडा गोवा’ मिळवून वाच. आणि पुढे कुणाच्या मागावरचं कापड वापरशील, तेव्हा त्याचं नाव आणि त्याची मजुरी दोन्ही आधी ठरव.

तुझा,
काका