भिंत मोकळी, माणूस दूर

अमरावतीचा परकोट मोजता मोजता मी जुन्या वास्तूंच्या नोंदी करायला शिकले. 1807 च्या सुमारास पेंढाऱ्यांच्या धास्तीनं निजामाच्या अमलात उभारलेली ही दगडी भिंत. पाच दरवाजे, चार खिडक्या. तिथं अडचण गर्दीची. घरं भिंतीला अशी टेकलेली की टेप धरायला जागा नाही. मात्र ओट्याओट्यावर माहिती सांगणारं कोणीतरी भेटतंच.

कोकणात सिनेगॉगांच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरांच्या, नोंदी करायला लागले, तेव्हा सगळं उलटं. भिंत मोकळी, सांगणारा दूर.

सिनेगॉगात शिरले की मी आधी पश्चिमेची भिंत बघते. जेरुसलेम त्या दिशेला, म्हणून तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचं कपाट, हेखाल, तिकडे असतं. मधोमध तेवा, म्हणजे तोरा वाचायचा कठड्याचा ओटा. शिवाय एलियाहू नबीची खुर्ची, सुंतेच्या विधीसाठी राखलेली. आराखड्यात खुर्च्या दाखवायची पद्धत नाही, पण ही मी हट्टानं दाखवते. ती कुठं ठेवायची, हे तिथल्या माणसांनीच ठरवलेलं असतं, आणि ते बांधकामाइतकंच जुनं असू शकतं.

सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिनियान म्हणतात. 1948 नंतर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची, कुटुंबं इस्रायलला जात राहिली आणि गावोगावी दहाचा आकडा जुळेना. याचा भिंतीशी थेट संबंध आहे. माणसं होती तेव्हा शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, दारं-खिडक्या उघडत, वारा खेळे, कौल फुटलं तर त्याच आठवड्यात कळे. बंद इमारतीत कोकणातला पावसाळा मुक्काम ठोकतो. मग कोणीतरी कळकळीनंच चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. मुंबईच्या फोर्टमधलं 1884 चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग 2019 मध्ये आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली नीट दुरुस्त झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गावातल्या सिनेगॉगाकडे तेवढा पैसा आणि तेवढं लक्ष क्वचितच वळतं. म्हणून माझ्या अहवालात चुन्याच्या आधी किल्लीचा मुद्दा येतो: ती कोणाकडे आहे, दार किती दिवसांनी उघडतं.

दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. आडनावांत गावं शाबूत आहेत, माणसं इस्रायलमधल्या लोद, आशदोद, दिमोनाला. फोनवर तिथल्या आजी मराठीतच सांगतात, हेखालासमोरचा दिवा कोणत्या तुळईला टांगत, बायका कुठून आत येत. ते मी आराखड्यावर, त्या त्या जागी, लिहून ठेवते.