'मी आलो', 'मी आले': क्रियापदातील लिंग आणि कायद्यातील लिंग

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मजूर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या कचेरीत सकाळी सहाच्या सुमारास एक मुलाखत चालू आहे. टेबलापलीकडचा कारकून विचारतो, ''आधी कुठं काम केलंय?'' उत्तर येते, ''भोसरीला दोन वर्षं प्रेसवर काम केलंय.'' ''रात्रपाळी जमेल?'' ''जमेल.'' ''उद्यापासून येणार?'' ''येईन.'' ''गाव कोणतं?'' ''लातूरकडचं.'' संभाषण तीन मिनिटांत संपते. कारकून आधारपत्रावरून 'पुरुष' हा शब्द रकान्यात उतरवून घेतो आणि गेटपासचा कागद पुढे सरकवतो. ह्या साऱ्या संभाषणात उमेदवाराने स्वतःविषयी एकही असे क्रियापद वापरलेले नाही, ज्यावरून बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळावे; मात्र हे कोणाच्याही ध्यानात आलेले नाही.

हा योगायोग नव्हे. ज्या भाषेत 'जातो' किंवा 'जाते' यांपैकी एक निवडल्याशिवाय साधे 'जाणे'ही सांगता येत नाही, त्या भाषेत लपून राहायचे तर व्याकरण उत्तम यावे लागते. लेखाची नायिका (तिचे नाव येथे आवश्यक नाही, आणि 'नायिका' हा शब्द तिला आवडेल असे मानायला जागा आहे) दहावीपर्यंत शिकलेली. परंतु कर्मणी प्रयोगाचा उपयोग तिला अनेक पदवीधरांहून चांगला कळतो. 'मी काम केले', 'मी भाकरी खाल्ली' ह्या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. 'मला जायचे आहे' असे म्हटले की 'जातो–जाते'चा पेच टळतो. भविष्यकाळातील 'येईन', 'करीन' ही रूपे सर्वांना सारखीच. 'आम्ही आलो' हे अनेकवचन तर सगळ्यांनाच सामावून घेणारे. अडचण होते ती केवळ वर्तमानकाळाची आणि अकर्मक भूतकाळाची. थोडक्यात, मराठीत ह्या व्यक्तीला आपण काय केले हे सांगता येते, काय करू हेही सांगता येते. अडते ते फक्त 'मी आलो' आणि 'मी आले' यांपाशी, आपल्या नुसत्या असण्यापाशी.

लिंगाच्या कायदेशीर व्याख्येवर गेले दशकभर जगात जो वाद चालू आहे, त्याचा विचार मराठीच्या अभ्यासकाने ह्या क्रियापदापासून सुरू करावा असे वाटण्याचे कारण असे की, त्या वादातील तिन्ही बाजू मराठीच्या पुरुषव्यवस्थेत आधीच उभ्या आहेत. प्रथमपुरुषात बोलणारा आपले लिंग स्वतः सांगतो. 'आले' म्हणायचे की 'आलो' हा निर्णय त्याच्या तोंडचा असतो. द्वितीयपुरुषात समोरचा ते त्याला बहाल करतो: 'तू आलास', 'तू आलीस'. तृतीयपुरुषात ते दोघांच्या माघारी ठरते: 'तो आला', 'ती आली', 'ते आले'. नोंदवही, जनगणना, न्यायनिवाडा, वर्तमानपत्र यांची भाषा ही तृतीयपुरुषाची भाषा होय. कायद्याची व्याख्या मागणारा प्रत्येक पक्ष वस्तुतः एकच प्रश्न विचारीत असतो: ह्या तीन पुरुषांपैकी कोणाचा शब्द अखेरचा मानावा?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात जो निर्णय दिला, त्याचा सारांश ह्या परिभाषेत मांडायचा तर न्यायालयाने प्रथमपुरुषाच्या बाजूने कौल दिला. आपण पुरुष, स्त्री की तृतीय लिंगाचे हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे असे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या खंडपीठाने म्हटले. आणि वेश, वाणी, वर्तन यांतून होणारी लिंगाची अभिव्यक्ती संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत मानली. साहित्याच्या अभ्यासकाला यातील दुसरा भाग अधिक अर्थपूर्ण वाटावा. ज्या अनुच्छेदाने लेखकाला लिहिण्याचे स्वातंत्र्य दिले, त्याच अनुच्छेदाखाली 'मी आले' हे दोन शब्द येऊन बसले. त्याआधी दोन वर्षे, २०१२ साली, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे मराठी आत्मकथन प्रसिद्ध झाले होते, 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' ह्या त्याच्या शीर्षकात 'मी' दोनदा येतो आणि क्रियापद एकदाही येत नाही. त्याच लक्ष्मी ह्या खटल्यात न्यायालयापुढे आल्या होत्या.

पुढे संसदेने २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा संमत केला. तो जानेवारी २०२० मध्ये अंमलात आला. त्याच्या मूळ मजकुरात स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क मान्य होता. परंतु ती ओळख प्रमाणित करण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपवले होते, आणि पुढे स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास वैद्यकीय उपचाराचा दाखला मागितला होता. प्रथमपुरुषाचे वाक्य तृतीयपुरुषाच्या सहीशिवाय अपुरे, असा हा समझोता होता. समाजातील अनेकांनी त्यावर टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती.

येथे एक जुना संवाद आठवतो. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' ह्या सूत्रावर भाष्य करताना पतंजलीपुढे हाच प्रश्न आला होता: स्त्री कोणास म्हणावे? एक परंपरागत व्याख्या त्याच्यासमोर होती. स्तन आणि केश असलेली ती स्त्री, अंगावर रोम असलेला तो पुरुष, आणि दोहोंमधले ते नपुंसक. शरीरचिन्हांची ही व्याख्या पतंजली तपासतो आणि लगेच तिच्यातील दोष काढतो. स्त्रीवेष घेणारा नट ह्या व्याख्येने स्त्री ठरेल; आणि खाट व झाड ह्या निर्जीव किंवा अचल वस्तूंना तर ती लागूच पडणार नाही. अनेक पर्याय पाहून तो अशा मतापर्यंत येतो की लिंगाचा उपदेश शास्त्राने करण्याचे कारण नाही, कारण लिंग हे लोकव्यवहारावर अवलंबून असते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्या नटाच्या उदाहरणाचे नवल वाटू नये. मात्र पतंजली शब्दांच्या लिंगाबद्दल बोलत होता, माणसांच्या नव्हे, हे भान सोडता कामा नये. शिवाय 'लोक' म्हणजे कोण हा प्रश्न उरतोच. गेटपास देणारा कारकूनही लोकच, आणि पाठीमागे हसणारेही.

मराठीत ह्या लोकव्यवहाराने एक चमत्कारिक गोष्ट करून ठेवली आहे. नपुंसकलिंगी एकवचन 'ते आले' आणि आदरार्थी पुल्लिंगी 'ते आले' लेखनात सारखेच दिसतात. आणि 'मी आले' ह्या स्त्रीच्या उक्तीतील क्रियापदही तेच. जुन्या लेखनात नपुंसकलिंगाच्या डोक्यावर अनुस्वार असे. १९६२च्या लेखननियमांनी तो गेला. त्यामुळे 'आले' ह्या एकाच रूपात लेकराविषयीचे वात्सल्य, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, बाईचे आत्मकथन आणि माणसाला वस्तू करून टाकणारा तुच्छभाव एकत्र राहतात. कोणता अर्थ घ्यायचा हे रूप सांगत नाही. बोलणाऱ्याचा स्वर सांगतो. अधिकृत मराठीने ह्यातून वाट काढली ती 'व्यक्ती' ह्या शब्दाची. 'तृतीयपंथी व्यक्ती आली' असे म्हटले की सर्वांनाच स्त्रीलिंग लागते आणि कोणावरच आरोप येत नाही.

न्यायालयांनी ह्या प्रश्नाला काय उत्तरे दिली हे दोन निवडणुकांवरून पाहता येईल. मध्य प्रदेशातील कटनीचे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव असताना तेथे कमला जान निवडून आल्या. २००३ साली उच्च न्यायालयाने, त्या कायद्याच्या दृष्टीने पुरुष आहेत असे मानून, ती निवड रद्द ठरवली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या स्त्रीराखीव जागेसाठी अंजली गुरू संजना जान यांनी अर्ज भरला. तो फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि त्या निवडूनही आल्या. दोहोंमध्ये २०१४चा निर्णय उभा आहे. परंतु दुसऱ्या निकालातील एक तपशील दुर्लक्षिता येणार नाही. अर्जदाराने स्त्री ही ओळख कायमची स्वीकारली असून पुढे सोयीप्रमाणे ती पुरुष ही ओळख घेणार नाही, हे न्यायालयाने नोंदवून घेतले. म्हणजे 'मी स्त्री आहे' हे वाक्य न्यायालयाने केवळ विधान म्हणून ऐकले नाही. वचन म्हणून ऐकले. जे. एल. ऑस्टिनने ज्याला बोलून केलेली कृती म्हटले, आणि जुडिथ बटलरने १९९० साली ज्याचा विस्तार लिंगभावापर्यंत नेला, त्याचे इतके काटेकोर उदाहरण एखाद्या ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जात सापडावे, ह्यात मौज आहे.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांतील राखीव जागा स्त्रियांना मिळाल्या त्या शरीरामुळे पिढ्यानपिढ्या सोसलेल्या वंचनेची भरपाई म्हणून. ज्या चिन्हावरून वगळले गेले तेच चिन्ह व्याख्येतून काढून टाकले तर वगळण्याचा इतिहास कोणत्या शब्दांत सांगायचा, असे विचारणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासक आहेत, आणि त्यांचा प्रश्न द्वेषातून आलेला आहे असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडील निर्णयाला अकरा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेथील २०१०च्या समानता कायद्यातील 'स्त्री' म्हणजे जन्मजात शरीराने स्त्री, असा अर्थ लावला. पण त्याच न्यायालयाने हेही सांगितले की आपण त्या कायद्यातील शब्दाचा अर्थ सांगत आहोत. त्यापलीकडच्या व्यापक वादाचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. लिंगबदलाच्या आधारे मिळणारे संरक्षणही त्याने कायम असल्याचे म्हटले. हे सौजन्य वादाच्या गदारोळात बहुतेकांनी ऐकले नाही. कायद्यातील व्याख्या ही नेहमी 'ह्या अधिनियमापुरती' असते. शास्त्रकार ज्याला प्रयोजन म्हणत, त्याच्यावाचून व्याख्या उभी राहत नाही. राखीव जागा, तुरुंग, क्रीडास्पर्धा, प्रसाधनगृह, पगारपत्रक ह्या प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे आहे. सर्वांसाठी एकच उत्तर मागणे ही कायद्याची गरज नसून तृतीयपुरुषाची सवय आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे प्रयोजन फार ठोस रूपात भेटते. १९४८च्या कारखाने कायद्याने स्वच्छतागृहाला दोनच दारे दिली होती, आणि रात्रपाळीचे नियम करताना दोनच प्रकारचे कामगार कल्पिले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या नव्या कामगार संहितांपैकी सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगार असा उल्लेख आला. त्याआधी, २०२२ साली, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक, 'ग्रीन मार्शल' आणि उद्यानांची देखभाल अशा कामांवर घेतले. जी माणसे नाशिक फाट्याच्या सिग्नलवर केवळ टाळीच्या आवाजाने ओळखली जात, त्यांच्यातील काही गणवेशात उभी राहिली. गणवेशाचा फायदा असा की त्याच्याशी लोक आपोआप 'तुम्ही' म्हणून बोलतात.

आणि येथे मराठीने आपल्या हाती दिलेली एक गोष्ट ध्यानात येते. 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांत लिंग आहे. 'तुम्ही आलात' यात ते नाही. 'तुम्ही जाता', 'तुम्ही बसलात', 'आपण कधी आलात?' कोठेही नाही. ज्याला आपण आदर देतो त्याला समोरासमोर लिंग विचारण्याची गरज मराठीला वाटत नाही.

चाकणच्या त्या कामगाराची हकिकत २०१९च्या कायद्यानंतरची आहे. सात महिने सारे सुरळीत चालले. 'केलंय', 'करीन', 'जमेल', 'मला जायचंय' यांवर पाळ्यांमागून पाळ्या गेल्या. एका रात्रपाळीत शेजारच्या यंत्रावरील मुलाचा हातमोजा अडकला. त्याने हाक मारली, आणि ती बटण बंद करायला धावता धावता ओरडली, ''थांब, आले!'' मुलाचा हात वाचला. पण 'आले' सर्वांनी ऐकले होते. आठवडाभर हसणे चालले; महिनाअखेरीस गेटपासचे नूतनीकरण झाले नाही. कारकुनाने सांगितलेले कारण असे: ''कागदावर एक आणि बोलण्यात एक, आमची अडचण होते.'' नोकरीत भेदभाव करू नये असे सांगणारा कायदा त्या दिवशी अंमलात होता. ती तो मागायला गेली नाही. कागद हातात नव्हता.

कारकुनाचे वाक्य तुच्छतेने बाजूला सारता येत नाही, कारण व्याख्येच्या बाजूने आजवर झालेल्या साऱ्या युक्तिवादांचे बीज त्यात आहे: नोंद आणि उक्ती यांचा मेळ हवा. मेळ हवा हे खरे. प्रश्न एवढाच की दोहोंपैकी दुरुस्त कोणी व्हायचे. त्या रात्री ती विचार करून बोलली नव्हती. सात महिने जपलेले व्याकरण एका हाकेने सुटले, आणि जे उरले ते तोंडातून आले. त्याला ढोंग म्हणणाऱ्याने ढोंग कोणते आणि कधीचे हे सांगितले पाहिजे.

पाळी सुटल्यावर फाटकावरच्या वयस्क रखवालदाराने तिचा पास परत घेतला. त्याला सारे ठाऊक होते. तो एवढेच म्हणाला, ''पुन्हा कुठं लागलात की सांगा.'' तिने ''सांगीन'' म्हटले; दोघांच्याही वाक्यांत लिंग नव्हते. थोडे पुढे गेल्यावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, ''बरं काका, जाते.''