कच्चें मडकें

लबाडी करणारास ती उघडकीस येण्याचें भय वाटावें, हें योग्यच आहे. परंतु ज्यानें कसलीही लबाडी केलेली नाहीं, त्यानेंही आपलें बिंग एक दिवस फुटेल या धास्तींत वर्षानुवर्षें काढावीं, हें प्रथमदर्शनीं कोणास खरें वाटणार नाहीं. आम्हांस वाटतें, कारण नोकरीचीं तिसांहून अधिक वर्षें आम्हीं त्याच धास्तींत काढलीं, आणि गेल्या दिवाळीपर्यंत ही गोष्ट घरांत कोणासही सांगितली नव्हती.

आमचें घर हिंगोली जिल्ह्यांतलें. माणसें पुष्कळ, पण चूल एकच. आमच्या पुतण्याची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. दिवाळीस ती घरीं आली, पण तिची नेहमींची बडबड कोठें गेली कोण जाणे! भाऊबीज झाली, निघण्याचा दिवस आला, आणि आपण आतां परत जाणार नाहीं असें तिनें सांगून टाकलें. वडिलांनीं शुल्काचा हिशेब मांडला, आईनें डोळ्यांस पदर लावला, आजीनें दृष्ट काढली. शेवटीं ही आजी, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, पोरांना समजावण्यांत जन्म गेला तुमचा. आतां घरच्या पोरीला समजवा."

आम्ही तिला घेऊन माडीवर बसलों. ती म्हणाली, "आबा, माझी निवड चुकून झाली आहे. रुग्णाच्या खाटेपाशीं पांढरा कोट घालून उभी असतें, तेव्हां वाटतें, हा दुसऱ्या कोणाचा कोट आपल्या अंगावर आला आहे. बरोबरीच्या मुली धडाधड उत्तरें देतात. मी नुसती मान हलवतें. एक दिवस सर्वांना कळेल कीं, हिला कांहींच येत नाहीं. त्यापेक्षां आपणच निघून आलेलें बरें."

"पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेंत तुला गुण तर चांगले पडले?"

"तें पाठांतर होतें, आबा."

आम्ही उपदेशास आरंभ करणार, तोंच तिनें विचारलें, "तुम्हांला कधीं असें वाटलें आहे का?" आमचा उपदेश ओठांवरच राहिला.

आमची सरकारमान्य विद्या म्हणजे मॅट्रिक आणि त्यापुढील शिक्षक-प्रशिक्षण, एवढीच. संस्कृत मात्र आम्ही आजोबांपाशीं शिकलों; रूपावली, समासचक्र, अमरकोश, पुढें रघुवंश. शाळेंत तो विषय शिकविण्यास कोणी नव्हतें, म्हणून तो आमच्याकडे आला आणि निवृत्तीपर्यंत राहिला. सहकारी बी. ए., एम. ए. झालेले. त्यांच्या चर्चेंत आम्हीं कधीं तोंड उघडलें नाहीं. खिडकीपाशीं वह्या तपासीत बसत असूं. एकदां तपासणीस आमचा पाठ ऐकून "उत्तम" असा शेरा देऊन गेले, तर आम्हीं मनांत म्हटलें, यांस संस्कृत येत नसावें! मुलांस गुण मिळाले तर मुलें हुशार. एखादा नापास झाला तर शिक्षक मॅट्रिक. निवृत्तीनंतर गांवांतील मंडळींनीं संध्याकाळीं मुलांस संस्कृत शिकविण्याचा आग्रह केला, तेव्हां आम्हीं गुडघेदुखीचें निमित्त सांगून तो टाळला. गुडघे दुखत होते हें खरें. पण अमरकोश कांहीं कोणी गुडघ्यांनीं शिकवीत नाहीं.

हें सारें आम्हीं तिला सांगितलें. त्या दिवाळींत ती प्रथमच हंसली.

पुढें वाचनांत आलें कीं, १९७८ सालीं पॉलीन क्लान्स व सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं याच अवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला. पदव्या आणि मानमरातब मिळविलेल्या अनेक स्त्रिया त्यांना भेटल्या. पण त्यांस आपलें यश नशिबाचें किंवा परीक्षकाच्या चुकीचें वाटे, आणि आपण सर्वांस फसवीत आहों अशी रुखरुख लागून राही. म्हणजे आमच्या माडीवरचें दुखणें जगाच्या दुसऱ्या टोकासही ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिला नरसीस घेऊन गेलों. कयाधूकाठचें हें गांव नामदेव महाराजांचें (१२७०–१३५०) जन्मस्थान मानलें जातें. तेथें बसून आम्हीं तिला महिपतींच्या "भक्तविजया"तली कथा सांगितली. कथा घरोघरीं ठाऊक आहे. तेरला गोरोबा कुंभारांकडे संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंनीं सुचविलें कीं, यांतलीं पक्कीं मडकीं कोणतीं व कच्चीं कोणतीं, तें पाहा. गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारलें. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि गोरोबांनीं निर्णय दिला, हें मडकें कच्चें!

"बघ बाळ," आम्हीं म्हटलें, "तुला ज्याची धास्ती वाटते, तें नामदेवांच्या बाबतींत भर सभेंत घडलें. विठ्ठलाचा लाडका म्हणून ज्यांची ख्याति, ते कच्चे ठरले. पुढें काय झालें? ते याच जिल्ह्यांतल्या औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. जेथें पिंड नाहीं तेथें माझे पाय ठेव, असें त्यांनीं सांगितलें; आणि नामदेवांस अशी जागाच सांपडेना. तेथें ते शिष्य झाले. मग हेच नामदेव पंजाबपर्यंत पोंचले. त्यांचीं ६१ पदें गुरुग्रंथसाहिबांत आहेत. आणि २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन त्यांच्या घुमानांत भरलें. कच्चें म्हणजे खोटें नव्हे. कच्चें म्हणजे ज्याचें भाजणें अजून राहिलें आहे तें. आणि मडक्यास आपला आवाज आपल्याला ऐकूं येत नाहीं. तो दुसऱ्यानें ऐकावा लागतो."

ती बराच वेळ नदीकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे आवा सोडून पळालें, तर मात्र कच्चेंच राहणार." एवढें तिचें तिला समजल्यावर मास्तरानें गप्प बसावें, हें बरें.

ती परत गेली. महिन्याभरानें तिचा दूरध्वनि आला. खाटेपाशीं तिनें प्राध्यापकांस सरळ सांगितलें, "हें मला समजलें नाहीं." त्यांनीं पुन्हां समजाविलें, तेव्हां धडाधड उत्तरें देणाऱ्या दोघींनींही हळूच वह्या काढल्या! शंका अजून येते, असें ती म्हणाली. येणारच. रघुवंशाच्या आरंभीं कालिदासही आपणांस लहानशा तराफ्यावरून सागर तरूं पाहणारा म्हणतो, आणि पुढें एकोणीस सर्ग लिहितो. संकोच जाण्याची त्यानें वाट पाहिली नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांत वडील माणसें आपले विजय मुलांस सांगतात आणि आपली भीति झांकून ठेवतात. मग मुलांस वाटतें, एवढ्या पक्क्या घरांत कच्चें मडकें तें मीच. आम्हीं ती भीति तीस वर्षें आधीं उघडी केली असती, तर खिडकीपाशीं एकटे बसलों नसतों.

मार्गशीर्षापासून आमच्या ओटीवर संध्याकाळीं सात मुलें संस्कृत शिकावयास येतात. पहिल्याच दिवशीं एकानें असें रूप विचारलें, जें आम्हांस आठवेना. "पाहून सांगतों," म्हणून आम्ही उठलों आणि आंतून रूपावली घेऊन आलों. मुलें खोळंबून बसलीं होतीं. एकही उठून गेलें नव्हतें.