लेकराची वाढ मोजता येते!

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटले आहे: कुपोषण डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी फितीला दिसतं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या माता-बाल आरोग्य कार्यक्रमात पोषण अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा पदवी हातात होती, प्रथिनं आणि कॅलरींची कोष्टकं तोंडपाठ होती. पण त्या कोष्टकांत जीव आला तो अंगणवाडीतल्या सतरंजीवर मांडी घालून बसल्यावर. तेव्हापासून जे काही समजतंय ते इतकं विलक्षण आहे की मनात ठेवून बसणं शक्यच नाही.

आधी ती फीत बघा. पातळ प्लास्टिकची, हिरवी-पिवळी-लाल, खिशात सहज मावणारी. लेकराचा डावा हात घ्यायचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांचा बरोबर मध्य काढायचा, हात सैल सोडायला लावायचा आणि तिथे फीत गुंडाळायची. आवळायची नाही, लोंबकळू द्यायची नाही. दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा, 11.5 ते 12.5 च्या मध्ये पिवळा, 11.5 च्या खाली लाल. सहा महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना हाच आकडा! हे कसं चालतं, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला आणि उत्तर ऐकून मी थक्क झाले. वर्ष ते पाच वर्षं या काळात निरोगी लेकराच्या दंडाचा घेर फार बदलतच नाही, कारण बाळपणाची चरबी उतरत जाते आणि तिच्या जागी स्नायू भरत येतात. त्यामुळे जन्मतारीख आठवत नसली, वजनकाटा जवळ नसला, तरी ही फीत खरं बोलते. लाल रंग म्हणजे अतितीव्र कुपोषण, ज्याला कार्यक्रमात सगळे 'सॅम' म्हणतात. अशा लेकराच्या जिवाला धोका धडधाकट लेकरापेक्षा सुमारे नऊ पट असतो.

मुखेड तालुक्यातल्या एका अंगणवाडीत एक आई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. कौतुकानं म्हणाली, "लई गरीब हाय मॅडम आमचं लेकरू. रडत न्हाई, काही तरास देत न्हाई." सेविकाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फीत काढली. दंड भरला 11.2. त्या एका क्षणात पुस्तकातलं पान माझ्यासमोर जिवंत झालं. लेकरू स्वभावानं शांत नव्हतं. दुष्काळात घर जसं एकेक खर्च बंद करत जातं तसं त्याचं शरीर एकेक काम थांबवत चाललं होतं: आधी खेळणं, मग हसणं, मग रडणंसुद्धा. आत हृदय, यकृत, मूत्रपिंडं सगळीच संथ झालेली असतात. बाहेरून मात्र दिसतं एक गुणी बाळ.

आणि उपचार! उपाशी लेकराला पोटभर खाऊ घालावं, असंच कुणालाही वाटेल. पण मंदावलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा भार टाकला तर हृदयच ते पेलू शकत नाही. म्हणून अशा लेकराची आधी भूक तपासतात. भूक आहे, ताप नाही, सूज नाही, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे बहुधा अंगणवाडीतच, त्याला विशेष आहार सुरू होतो. भूक मेलेली असेल किंवा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे पहिल्यांदा मिळतं एफ-75 नावाचं दूध, 100 मिलिलिटरमागे 75 कॅलरी, दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. अंग गार पडू नये म्हणून लेकरू आईच्या कुशीत उघड्या अंगानं चिकटून. आणि जिथे मी चकित होऊन तज्ज्ञांना पुन्हा पुन्हा विचारलं ती गोष्ट ही: रक्त कमी असूनही सुरुवातीला लोह द्यायचं नाही! शरीर ते सांभाळू शकत नाही आणि जंतुसंसर्ग उलट बळावतो. आधी संसर्ग आटोक्यात, मग भूक, मग एफ-100, मग लोह. क्रम चुकला तर औषधच घातक ठरतं. हा क्रम शोधून काढणाऱ्या माणसांना माझा दंडवत.

मुखेडचं ते लेकरू केंद्रात दाखल झालं. आईला बुडीत मजुरी मिळाली, म्हणून ती थांबू शकली. मी पुन्हा गेले तेव्हा नर्सताई वाटी घेऊन येत होत्या. पलीकडच्या खाटेपाशी आधी थांबल्या, तेवढ्यात आमच्या गरीब लेकरानं जो काही भोंगा पसरला! हात पुढे करून, लालबुंद होऊन, वाटी मलाच पाहिजे म्हणून. नर्सताई हसायला लागल्या, आई डोळे पुसत हसायला लागली. लेकराच्या रडण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता वाढीचा तक्ता. अंगणवाडीच्या कपाटातल्या त्या कागदामागे केवढं काम आहे हे कळलं आणि मी त्याच्याकडे वेगळ्याच आदरानं पाहू लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे 8,500 मुलं अभ्यासली. आईचं दूध नीट मिळालेली, घरात खायला-प्यायला असलेली, आजारी पडली तर डॉक्टर गाठता येणारी मुलं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. निष्कर्ष निघाला की पहिल्या पाच वर्षांत या साऱ्या देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढतात! 2006 मध्ये त्यावरून जगासाठी एकच मानक तयार झालं. म्हणजे जळकोटच्या तांड्यावरचं बाळ आणि ओस्लोमधलं बाळ यांच्यासाठी रेघ एकच. "आमच्यात सगळे बुटकेच" हे वाक्य मी गावोगाव ऐकते आणि दर वेळी उत्साहानं तक्ता उलगडते: नाही हो आजी, तुमच्या नातवात नॉर्वेच्या पोराएवढं वाढायची ताकद आहे, त्याला वेळेवर खायला मिळालं पाहिजे!

वेळेवर, हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. गरोदरपणाचे 270 दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं, मिळून हजार दिवस. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास 80 टक्के झालेला असतो. या हजार दिवसांतही सगळ्यात नाजूक वळण आहे सहाव्या महिन्याचं. तोवर फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, अगदी लातूरच्या मे महिन्यातही नाही. सहा महिने भरले की मात्र वरचं अन्न हवंच. आणि इथेच आपल्याकडे वरणाचं पाणी येतं.

त्या वरणाच्या पाण्याचं गणित मला समजलं त्या दिवशी मी रात्रभर तेच घोकत होते. लेकराचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण 30 ग्रॅम अन्न धरतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे एक मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, पुढे दोन वर्षांपर्यंत 550. आता त्या एवढ्याशा वाटीत वरचं निवळ पाणी ओतलं तर पोट भरतं आणि लेकरू उपाशी राहतं! उपाय घरातच आहे. तेच वरण खालचं घट्ट घ्या, त्यात ज्वारीची भाकरी कुस्करा, चमचाभर करडईचं तेल किंवा तूप घाला. पाच ग्रॅम तेलात 45 कॅलरी, जागा मात्र काहीच लागत नाही. लातूर तर तुरीचं आगर, डाळ इथल्या शिवारात पिकते. त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, शेवग्याचा पाला, अंड्याचा पिवळा बलक, अर्धापूरचं केळं. एका चमच्यावर अन्न ठेवून तो आडवा केला तर अन्न टिकलं पाहिजे, ओघळता कामा नये. ही चाचणी मी आता प्रत्येक बैठकीत करून दाखवते आणि बायका घरी जाऊन सासवांना दाखवतात.

आईकडे वळलं की नवल आणखी वाढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. बाजारात भाजकी माती विकायला असते, गरोदर बायका ती चवीनं खातात. ते नुसते डोहाळे नसून बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते, हे समजल्यापासून कुणाच्या पदराच्या गाठीला मातीचा खडा दिसला की मी आधी हिमोग्लोबिन विचारते. 11 च्या खाली असेल तर गोळ्यांचं बोलणं सुरू. लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, गरोदरपणात किमान 180 गोळ्या. बायका त्या सोडतात कारण मळमळतं, शौचाला काळं होतं आणि त्या घाबरतात. पाच मिनिटं बसून सांगितलं की रात्री जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, ताटात लिंबू पिळा, काळं होणं काळजीचं नाही, तर त्याच गोळ्या संपतात! औषध तेच, फरक फक्त कोणीतरी समजावून सांगण्याचा.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर शेतकरी बायांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जन्मताना भरलेली होती. अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी! आपल्या बांधावर उगवणारं हे हिरवं धन आहे आणि ते आईच्या ताटात शेवटी उरलंसुरलं येतं. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्याची खरी किमया मला पंगतीत बसल्यावर कळली: तिथे ती बाई पहिल्यांदा वाढून घेते, कुणाच्या आधी उठत नाही, कुणासाठी राखून ठेवत नाही.

आणि मराठवाड्यानं या बाबतीत राज्याला वाट दाखवली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तेव्हाच्या औरंगाबाद विभागात, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांत, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी कुपोषणाविरुद्ध मोहीम उभी केली. तिच्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन जन्माला आलं आणि भर पहिल्या हजार दिवसांवर गेला. 2005-06 मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या 39 टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. 2012 च्या सर्वेक्षणात हा आकडा 23 वर आला. सात वर्षांत एवढी उडी! हे शक्य आहे, इथेच झालेलं आहे.

काम संपलेलं नाही. 2019-21 मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी होती आणि 25.6 टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली. दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, जळकोटच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला गाड्या निघतात, आणि नेमक्या हजार दिवसांतली लेकरं त्यांत असतात. म्हणून निघण्यापूर्वी वजन-उंची, लसीकरणाचं कार्ड बरोबर, ज्या गावी फड पडेल तिथल्या अंगणवाडीत नाव, आणि परतल्याबरोबर पुन्हा फीत. या साखळीतली एकही कडी सुटू नये म्हणून सेविकाताई उसाच्या फडावर फोन लावून "लेकरू खातंय ना?" विचारतात. मुलांची नावं, आजार, कुणाची सासू ऐकते आणि कुणाची नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं.

मदतीला नव्या गोष्टीही येत आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, तिच्यात 45. जस्तही 20 ऐवजी 32. भाकरी तीच, चूल तीच आणि घासाघासाला लोह जास्त! शेतकऱ्याच्या बियाण्यापासून बाळाच्या दंडापर्यंत सगळं एकाच सूत्रात आहे, हे उमगल्यापासून मला शिवारातून जाताना गप्प बसवत नाही.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे. तुमच्या गावात, वस्तीत दर महिन्याला आरोग्य व पोषण दिवस असतो. या महिन्यात तिथे जा. आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या लेकराचा तक्ता मागून घ्या, मागच्या तीन महिन्यांचे ठिपके बघा. रेघ वर चालली असेल तर आईचं तोंडभरून कौतुक करा. आडवी झाली असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी ताईंना फीत काढायला सांगा. एवढं कुणालाही जमतं, आणि एवढ्यानं एक लेकरू वाचतं.