रागांची खतावणी

साठीनंतर माणसानं गाणं शिकायला जाऊ नये, असं आमच्या घरात सर्वांचं मत आहे. माझंही तेच होतं. पण ते पटेपर्यंत मी शिकायला लागलो होतो.

कोषागारात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रकमा जुळवल्यावर आपल्याही खात्यात काही जमा असावं, एवढीच त्यामागची भावना. तेव्हा आम्ही अमरावतीला होतो. अंबादेवीच्या देवळाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींनी मला पदरात घेतलं. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. राग एकच, भूप. सकाळी भूप, दुपारी भूप, न्हाणीघरात भूप. प्रहर वगैरे भानगडी ठाऊक नव्हत्या. एकच मूल असलेल्या घरात वेळापत्रक लागत नाही.

मग दुर्गा, काफी, खमाज, देस, बागेश्री अशी मंडळी येत गेली. गाण्याच्या परीक्षांचा एक विशेष आहे. पुढच्या पायरीला नवे राग मिळतात, पण जुने कोणी परत घेत नाही. १९०१ साली विष्णु दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथं काही शिष्य त्यांच्याजवळच राहून शिकत. घरी जाऊन पाणी भरायची त्यांना घाई नसावी. मला होती. मुलाची बदली झाली आणि आम्ही अकोल्याला आलो, तोवर माझ्याकडे सत्तावीस राग जमले होते, आणि एक गाताना दुसरा गळ्यातून डोकावत होता.

तेव्हा मी खतावणी घातली. लाल रेघांची वही, रकाने पाच: राग, वेळ, बंदिश, शेवटचा रियाज, शेरा.

घोडं अडलं ते ‘वेळ’ या रकान्यात. भातखंडे मुळात वकील. त्यांनी रागांना प्रहर लावून दिले ते कलमं लावावीत तसे. भैरव पहाटेचा. पण आमच्याकडे नळ पहाटेच येतो, तोही काही दिवसांनी एकदा. त्या दिवशी सगळ्या घराचे कान नळाकडे असतात. भैरवाकडे कोण बघतो? दुपारच्या सारंगाला कूलर आडवा आला. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून गाणं म्हणजे सती जाणं. कूलरचा सूर काळी एकशी जुळतो, असा माझा शोध आहे. पण टाकीतलं पाणी संपत आलं की तो चढतो, आणि त्याच्यामागोमाग मीही. राहिला मध्यरात्रीचा मालकंस. त्याच्या चौथ्या रात्रीनंतर शेजारी सकाळी फाटकाशी आला.

“काकाजी, गानं तुमचं लय चांगलं हाय. पन आमचा बुढा झोपीतून उठून बसते अन् इचारते, कोनाकडचं गेलं म्हनून!”

मालकंस संध्याकाळी साडेसातला हलवण्यात आला.

मग मी हिशेब मांडला. रोजची पाऊण तास, रागाला नऊ मिनिटं. म्हणजे दिवसाला पाच राग आणि सहाव्या दिवशी सगळ्यांची फेरी पूर्ण. कागदावर पै न् पै जुळली. प्रत्यक्षात नऊ मिनिटांत माझा घसा जेमतेम मोकळा होतो. तेव्हा काटछाट आली. जे राग पक्के, ते वगळले. भूपापुढे मी शेरा मारला: ‘पूर्ण जमा. तपासणीची गरज नाही.’

महिन्यातून दोनदा मी बडनेऱ्याला उतरून गुरुजींकडे जातो. मूर्तिजापूर येईपर्यंत मांडीवर त्रिताल चालतो. शेजारचे प्रवासी सरकून बसतात, तेवढीच जागा होते. गेल्या हिवाळ्यापासून गुरुजींचा आवाज बसला आहे. ते खाटेवर पडूनच शिकवतात. त्या दिवशी मी खतावणी दाखवायला म्हणून नेली. त्यांनी ती उशाशी ठेवली आणि म्हणाले, “भूप म्हणा.”

दिवेलागण झाली होती. मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. थोड्या वेळानं ते डोळे मिटूनच म्हणाले, “दिवा मालवा.”

“का, गुरुजी?”

“सकाळ केलीत.”

मागच्याच महिन्यात मी देसकार घोटला होता. स्वर तेच पाच. पण भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. तो सकाळचा, हा रात्रीचा. मी धैवतावर मुक्काम ठोकून बसलो होतो. बरं, सावरून घ्यावं म्हणून अंतऱ्याकडे वळलो, तर अंतराच आठवेना. पहिल्या वर्षी जो मी दिवसातून पन्नासदा म्हटला होता तो.

गुरुजी उशीला टेकून उठले. फाटलेल्या आवाजात त्यांनी गंधार लावला, खोकले, पुन्हा लावला. मी त्यांच्यामागे. तासभर आम्ही त्या एका स्वराच्या पुढे गेलो नाही. अंतरा शिकवायचा राहिलाच. त्यांना धाप लागली आणि मीच थांबा म्हणालो. माझी नेहमीची गाडी गेली. खतावणी उशाशी राहिली, ती मागण्याचा धीर झाला नाही.

घरी पोचायला रात्र झाली. सौ. माझ्यासाठी पोळ्या टाकत होती. मी पाटावर बसून मघाचा गंधार गुणगुणत होतो, अस्ताईवरून पुढं जाऊन अडत होतो. तिसऱ्या खेपेला ती तव्याकडे बघतच पुढचं म्हणून गेली. अंतरा. सबंध. समेवर पोळी उलटली.

“हे तुला कसं येतं?”

“वर्षभर दुसरं काय होतं घरात?” ती म्हणाली. “कोषागाराचे आकडे घरी मोठ्यानं म्हणत नव्हतात, म्हणून वाचले.”