काम वाटण्याआधी

चाकणच्या वाहन कारखान्यांत काम आधी सेकंदांत मोजतात, मग माणसांत वाटतात. समजा, पाळीत हाती 450 मिनिटं आहेत आणि 300 गाड्या काढायच्या आहेत. म्हणजे दर गाडीमागे 90 सेकंद. हा झाला ‘टॅक्ट टाइम’. लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनचं काम त्यात बसवायचं, कुठे जास्त झालं तर थोडं पुढच्याकडे सरकवायचं.

या मोजणीचा मला आदर वाटतो. कामगाराच्या वेळेला हिशेब लागावा म्हणून माणसं झगडली आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. 1948 च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर दिला. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत याच चौकटीत वाढली.

तरीही सेकंद सारखे झाले म्हणून ओझं सारखं होत नाही. हात डोक्यावर ताणून गाडीखालचे नट आवळणारा आणि उभ्या उभ्या स्टिकर लावणारा, दोघांचे 90 सेकंद सारखेच. पाळी सुटल्यावर खांदे मात्र एकाचेच दुखतात. जड जागा कंत्राटी किंवा ट्रेनी पोराच्या वाट्याला जाते, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. दर दोन तासांनी जागा बदलल्या तर हा भार वाटला जातो. पण जागा बदलायला दुसऱ्याचं काम यावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

शॉपफ्लोअरवर ‘स्किल मॅट्रिक्स’चा तक्ता लावलेला असतो. प्रत्येकाच्या नावापुढे वर्तुळं, वर्तुळाचे चार भाग: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्याची वर्तुळं पूर्ण भरलेली, त्याचीच रजा आषाढी वारीला नाकारली जाते, गौरी-गणपतीलाही. कुणी आलं नाही की हाक त्यालाच: “तूच बघ रे, तुला येतं.” या कौतुकाखाली चांगला माणूस दबत जातो, आणि शेजारचा पोरगा वर्षभर एकाच बोल्टपाशी राहतो. अन्याय दोघांवरही होतो.

म्हणून काम वाटण्याआधी शिकणं वाटायला हवं. त्याची किंमत आहे: नवा हात सुरुवातीला मंद चालतो, गाड्या कमी निघतात. ही घट वरिष्ठांनी आधीच नियोजनात धरली पाहिजे. शिकवणाऱ्याच्या ओव्हरटाइममधून ती भरून काढणं म्हणजे जुनाच भार पुन्हा त्याच्या अंगावर टाकणं. ऑफिसातल्या टीमलाही हेच लागू आहे.

सुपरवायझर न्यायी आहे की नाही, हे आजच्या पाळीवरून ठरवू नये. सहा महिन्यांनी त्याच्या टीममधल्या किती जणांना फोन बंद ठेवून रजा घेता येते, ते विचारावं.